नवीन लॉनची लागण: गवत आणण्याआधी मातीत काय करायचं आणि नंतर ते कसं जगवायचं

वळवाचे दोन पाऊस पडून गेले की कळंबा, आर. के. नगर, उचगाव या बाजूला नवीन बंगल्यांसमोर गवताच्या गुंडाळ्या भरलेले टेम्पो दिसायला लागतात. दोन तासांत अंगण हिरवंगार, घरातले सगळे खूश, फोटो काढून झाले, आणि मग गणपतीच्या आसपास बघावं तर निम्मं गवत पिवळं पडलेलं, मधे मधे मोकळे ठिगळ, कडेला लव्हाळ्याचं तण वर आलेलं. लोक म्हणतात नर्सरीवाल्यानं खराब गवत दिलं. तसं कधी कधी होतही असेल, पण मी जेवढी वाया गेलेली लॉन उकरून बघितलीत त्यातल्या बहुतेकांत दोष गवताच्या खाली होता, गवतात नव्हता.

मुळात ती गुंडाळी म्हणजे काय हे आधी समजून घ्या. शेतात वाढवलेलं गवत यंत्रानं किंवा खोऱ्यानं जेमतेम इंचभर मातीसकट सोलून काढतात. म्हणजे वरचा पाला सगळा तुमच्याकडं आला आणि मुळं बरीचशी तिथंच मागं राहिली. पाला तेवढाच आहे, त्यातून पाणी तेवढंच उडून जातंय, पण ते पाणी ओढून घेणारी मुळं फार थोडी उरलीत. त्यामुळं पहिले दोन-तीन आठवडे ते गवत आजाऱ्यासारखंच असतं, वरून हिरवं दिसतं म्हणून फसायचं नाही. त्या काळात त्याला खाली नवीन मुळं सोडता आली तर ते जगलं, नाही आली तर गेलं, एवढा साधा हिशोब आहे सगळा.

आपल्याकडं हे समजवायला ऊस लई उपयोगी पडतो, कारण ऊस हे पण गवतच आहे, एकाच कुळातलं. उसाच्या टिपरीला, म्हणजे लागणीच्या कांडीला, जसा डोळा असतो आणि त्या पेरापाशी मुळं फुटतात तसंच लॉनच्या गवताच्या प्रत्येक पेराला मुळं आणि कोंब फुटू शकतात. ऊस जमिनीलगत तोडला तरी खोडवा येतो ना, कारण फुटायचे डोळे जमिनीच्या आत असतात, तसंच गवताचं वाढायचं टोक जमिनीला चिकटून असतं म्हणून वरून कापलं तरी ते मरत नाही. ज्यांनी उसाची लागण केलीय त्यांना लॉनमधलं निम्मं आधीच माहीत असतं, फक्त कोणी तसं सांगितलेलं नसतं.

आमच्या घरासमोर गवत अंथरलं तेव्हा गावाकडनं आण्णा आले होते, माझे चुलते, सगळं आयुष्य करवीर तालुक्यात उसात गेलेलं. त्यांनी वाकून एक काडी उपटली, पेरं बघितली आणि म्हणाले, "अरे ही तर हरळी." बरोबर होतं त्यांचं. नर्सरीत 'सिलेक्शन वन' किंवा 'बर्म्युडा' म्हणून जे मिळतं ते हरळीच्याच जातीतलं निवडून काढलेलं बारीक पानाचं गवत आहे, आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वेचं सख्खं भावंड. आणि रानात खुरपून खुरपून न मरणारं जे तण आहे त्याचा तोच चिवटपणा अंगणात आपल्याला हवा असतो. ते जमिनीवरनं पण पसरतं आणि जमिनीच्या आतनं पण, म्हणून पोरं खेळून घासलेली जागा ते परत भरून काढतं.

पण त्याची एक अट आहे, ऊन. दिवसात निदान सहा तास तरी सरळ ऊन पाहिजे. आंब्याखाली किंवा दोन बंगल्यांच्या मधल्या बोळात हरळी लावली तर ती उंच, विरळ होत जाऊन शेवटी संपते, कितीही खत घाला. सावली असेल तिथं रुंद पानाचं कार्पेट गवत बरं चालतं, तेही अर्ध्या सावलीत, पूर्ण अंधारात काहीच येत नाही. मेक्सिकन किंवा कोरियन म्हणून जे दाट, गादीसारखं गवत मिळतं ते दिसायला सुंदर, कापायला कमी लागतं, पण वाढतं हळू, त्यामुळं खराब झालेली जागा भरायलाही तेवढाच वेळ घेतं, म्हणून जिथं मुलं रोज फुटबॉल खेळणार तिथं मी ते सुचवत नाही. बोअरचं पाणी मचूळ असेल, शिरोळ-हातकणंगले बाजूच्या क्षारपड जमिनीत घर असेल, तर पॅस्पलम विचारा, ते खारं पाणी बाकीच्यांपेक्षा जास्त सोसतं. नावं नर्सरीगणिक बदलतात, म्हणून नावावर जाऊ नका, पान बघा, बारीक की रुंद, आणि हे उन्हातलं की सावलीतलं एवढं स्पष्ट विचारून घ्या.

आता माती. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लोक सगळ्यात कमी पैसे आणि वेळ इथंच देतात.

आपल्या कोल्हापुरात मातीची किंमत लोकांना कळत नाही असं कोणी म्हणू शकत नाही. गंगावेशीच्या तालमीत जाऊन बघा, आखाड्याची तांबडी माती चाळून घेतात, त्यात ताक, तेल, हळद, कापूर घालतात, रोज खोऱ्यानं उकरून परत सारखी करतात, कारण पैलवानाचं अंग तिच्यावर पडणार असतं. खासबागेत कुस्तीला गर्दी करणारी आपण माणसं, आणि घरासमोर लॉन करताना मात्र बांधकामाच्या राडारोड्यावर दोन घमेली तांबडी माती पसरून त्यावर गवत अंथरतो. आमच्याकडं पहिल्यांदा हेच झालं होतं. ज्यांना काम दिलं होतं त्यांनी वरनं सगळं छान दाखवलं, आणि अडीच महिन्यांनी एक कोपरा पिवळा पडला म्हणून कुदळ मारली तर खाली सिमेंटचे गट्टे, विटांचे तुकडे, फरशीचे चुरे. मुळं दोन इंच खाली जाऊन अडलेली. सिमेंटनं आजूबाजूची माती चुनखडीसारखी होते, त्यात गवताला लोह नीट मिळत नाही, पान पिवळं पडतं आणि मग आपण वरनं युरिया मारत बसतो. ते सगळं उकरून पुन्हा करावं लागलं, खर्च दुप्पट.

म्हणून पहिलं काम, सहा ते आठ इंच खोल खोदून काढा आणि दगड, विटा, सिमेंट, प्लास्टिक सगळं बाहेर टाका. मग निचरा तपासा. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, ते जिरलं की परत एकदा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच उभं असेल तर जुलैमध्ये तुमचं लॉन बुडणार हे नक्की धरा, आधी चर काढून पाणी बाहेर न्यायची सोय करा.

पंचगंगेच्या काठच्या बाजूला काळी चिकण माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, भेग पडली की तिथली मुळं तुटतात. ही माती हलकी करायला लोक तिच्यात थोडी वाळू टाकतात आणि इथंच चुकतं, कारण चिकण मातीत थोडी वाळू मिसळली तर ती वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. वाळूनं फरक पडायला ती निम्म्याहून जास्त लागते, तेवढी कोण घालणार. त्यापेक्षा काळ्या मातीत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट एक-दोन इंचाचा थर देऊन नीट मिसळा, आणि शक्य असेल तर वरचे चार-पाच इंच पोयट्याची, म्हणजे गाळाची भुसभुशीत, माती आणून भरा. भरताना खालच्या मातीत ती थोडी मिसळून घ्या. नुसता वेगळ्या मातीचा थर वर ठेवला तर दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडतं आणि मुळंही तिथंच थबकतात. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा बाजूची तांबडी जांभ्याची माती उलट स्वभावाची, पाणी लगेच सोडते, आम्ल असते आणि स्फुरद (फॉस्फरस) घट्ट धरून ठेवते, म्हणून तिथं शेणखत जरा हात सैल सोडून घाला. जमीन चोपण असेल, म्हणजे वाळल्यावर वर पांढरट आणि ओली झाली की साबणासारखी, तर माती तपासून जिप्सम किती घालायचं ते ठरवा, अंदाजानं घालू नका.

शेणखत कच्चं मात्र बिलकुल नको. त्यातनं तणाचं बी तर येतंच, हुमणीच्या अळ्याही येतात, त्यावर पुढं बोलतोच. साखर कारखान्याची मळी वापरत असाल तर तीही पूर्ण कुजलेलीच, ताजी मळी आत तापते.

खत मिसळून झालं की लगेच गवत आणायला पळू नका. पाणी द्या आणि दोन-तीन आठवडे थांबा. जे काही तण त्या मातीत आहे ते उगवून येईल, ते खुरपून काढा, परत पाणी द्या, परत काढा. लव्हाळा दिसला तर नुसता वरनं उपटू नका, त्याच्या खाली साखळीसारख्या गाठी असतात, एक गाठ राहिली तरी परत येतो, त्यामुळं खुरपं खोल घालून गाठीसकट काढायचा. हे काम लई कंटाळवाणं आहे पण लॉन अंथरल्यावर लव्हाळा काढणं म्हणजे गवताबरोबर भांडण, ते कधीच संपत नाही.

मग सपाटीकरण. घरापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटाला एक ते दोन इंच उतार ठेवा, डोळ्याला कळत नाही पण पाण्याला कळतो. फरशी किंवा पायवाट असेल तर माती तिच्यापेक्षा इंचभर खाली ठेवा म्हणजे गवत आल्यावर दोन्ही एका पातळीत येतील. ढेकळं फोडून, पायानं तुडवून, दंताळ्यानं सारखं करून घ्या. त्यावर चाललं तर पाऊल थोडंसं उमटावं, टाच आत जाऊ नये.

कधी लावायचं हे विचाराल तर माझं मत असं की जूनमध्ये दोन-चार चांगले पाऊस होऊन वाफसा आला की, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली की, किंवा मग सप्टेंबरच्या उघडीपीत. जुलैच्या झडीत नवीन माती वाहून जाते, आणि आकाश सतत झाकलेलं असल्यामुळं गवताला ऊनही मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्येही चालतं, पण पाण्याची पूर्ण सोय असेल तरच. डिसेंबरात नको. ऊस, मका, हरळी ही सगळी उष्ण हवेतली गवतं, साधारण २७ ते ३५ अंशांत ती जोमात वाढतात आणि १५ च्या खाली गेलं की थबकतात. परदेशी व्हिडिओंमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरला लॉन लावायला सांगतात ते त्यांच्या थंड प्रदेशातल्या गवतासाठी, ती १५ ते २४ अंशांत वाढणारी वेगळी गवतं आहेत, त्यांचं वेळापत्रक आपल्याकडं चालत नाही.

गवत आणायच्या दिवशी जमीन आधी ओलसर करून ठेवा, चिखल नको. जागेचं माप घेऊन पाच ते दहा टक्के जास्त मागवा, कडेला कापाकापीत जातं. टेम्पो सकाळी लवकर बोलवा आणि आल्या आल्या एका गुंडाळीच्या आत हात घालून बघा. गुंडाळलेलं गवत आतल्या आत श्वास घेत असतं, त्याची उष्णता बाहेर जात नाही, त्यामुळं ते शिजल्यासारखं होतं. आत गरम लागलं, आंबूस वास आला, पानं पिवळी दिसली तर तो माल कालचा किंवा परवाचा आहे, घेऊ नका. घेतलेलं गवत त्याच दिवशी अंथरून संपवायचं, उद्यावर ठेवायचं नाही.

अंथरायची सुरुवात सरळ कडेपासून, दोरी लावून. दुसरी ओळ टाकताना गवंडी विटा लावतो तसे सांधे सोडवून घ्या, सांध्यासमोर सांधा नको, नाहीतर पावसात पाणी त्या सरळ रेषेतनं माती घेऊन वाहतं. उतार असेल तर पट्ट्या उताराला आडव्या टाका. तुकडे एकमेकांना घट्ट भिडवायचे पण ताणायचे नाहीत, ताणलेला तुकडा वाळला की आकसतो आणि मधे फट पडते. अंथरलेल्या गवतावर सरळ गुडघे टेकू नका, फळी टाका आणि तिच्यावर बसून पुढं सरका. फटी राहिल्या तर बारीक माती आणि वाळूच्या मिश्रणानं भरा. मग हलका रोलर फिरवा, रोलर नसेल तर फळी ठेवून तिच्यावर उभं राहत राहत पुढं गेलं तरी चालतं. यात एकच उद्देश असतो, गवताची माती आणि तुमची माती यांच्यात हवा राहू नये. हवा राहिली तर मूळ तिथं येऊन वाळतं.

पैसे कमी असतील तर टोकण करा, म्हणजे हरळीच्या काड्या चार-सहा इंचांवर मातीत टोचायच्या, अगदी टिपरी लावल्यासारखं. जमीन भरायला तीन-चार महिने लागतात, तण जास्त काढावं लागतं, पण खर्च फार कमी आणि मुळं पहिल्यापासून तुमच्याच मातीत वाढतात. मला स्वतःला मोठ्या जागेसाठी हाच मार्ग आवडतो.

अंथरल्यावर अर्ध्या तासाच्या आत पाणी सुरू व्हायला पाहिजे. सगळं अंथरून होईपर्यंत वाट बघू नका, एक भाग झाला की तिथं पाणी चालू करा. पहिलं पाणी इतकं की खालची चार इंच माती भिजली पाहिजे, कोपरा उचलून बोट घालून बघा. त्यानंतर पहिले दहा-बारा दिवस ऊन असेल तर रोज सकाळी आणि गरज वाटली तर दुपारी थोडं. कडा आणि सांधे सगळ्यात आधी वाळतात, विशेषतः फरशीलगत, कारण फरशी तापते, तिथं झारीनं वेगळं पाणी द्या. दोन आठवड्यांनी कोपरा हळूच ओढून बघा, ओढला तरी येत नाही म्हणजे मुळं खाली उतरली.

इथनं पुढं पाण्याची सवय बदलायची आणि नेमकं इथंच बहुतेक जण बदलत नाहीत. रोज थोडं थोडं पाणी दिलं तर ओल वरच्या इंचभर मातीतच राहते, मुळांना खाली जायचं कारणच उरत नाही, आणि मग एप्रिलमध्ये दोन दिवस पाणी चुकलं की गवत करपतं. त्यापेक्षा आठवड्यातनं दोनदा पण खोलवर द्या. अंदाजासाठी हिशोब सांगतो. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. उन्हाळ्यात आठवड्याला २५ मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे गुंठ्याला अडीच हजार लिटर. हा आकडा लॉन लावायच्या आधी बघा, कारण नळाला मोजकं पाणी येणाऱ्यांनी गुंठाभर लॉन करण्यापेक्षा दोनशे चौरस फूट करावं आणि ते नीट सांभाळावं, बाकी जागेत फुलझाडं लावा. तुमचा स्प्रिंकलर किती पाणी देतो हे मोजायचं असेल तर गवतावर तीन-चार रिकामे डबे ठेवा आणि अर्ध्या तासात किती भरतात ते पट्टीनं मोजा. गवताला तहान लागली की ते सांगतं, त्यावर पाऊल टाकलं तर पाती लगेच उभी राहत नाहीत, आणि रंग जरा निळसर राखाडी होतो. पाणी पहाटे किंवा सकाळी द्या, संध्याकाळी नको, पान रात्रभर ओलं राहिलं की बुरशीला निमंत्रण.

पहिली कापणी तीन-चार आठवड्यांनी, मुळं धरल्याची खात्री झाल्यावर आणि जमीन वाफशावर असताना. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापू नका. तीन इंच वाढलं असेल तर दोन इंचांवर कापा, एकदम पाऊण इंचावर आणलं तर सगळा पाला जातो आणि मुळंही त्या धक्क्यानं थांबतात, कारण मुळांना अन्न पानातनंच मिळतं. हळूहळू बारीक हरळी एक-दीड इंचावर आणता येते, रुंद पानाचं कार्पेट दोन इंचांवरच बरं. पातं धारदार असू द्या. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, दोन दिवसांनी सगळ्या टोकांना तपकिरी छटा येते ती त्यामुळंच. कापलेला पाला बारीक असेल तर तिथंच राहू द्या, गवताला लागणाऱ्या नत्रातलं (नायट्रोजन) पाव हिश्शापर्यंत त्यातनं परत मिळतं, उसात पाचट ठेवतो तसंच.

खताचं म्हणाल तर लावायच्या आधी मातीत गुंठ्याला दोन किलो १०:२६:२६ हे मिश्र खत मिसळलं की मुळांसाठी पुरे. युरिया पहिले पाच-सहा आठवडे नको. नंतर गुंठ्याला एक किलो युरिया, तेवढाच. शेतातल्या सवयीनं मूठ मोठी पडते आणि जिथं जास्त पडतो तिथं गवत जळून वाळलेली नक्षी उमटते. युरिया वाळूत मिसळा, निम्मा उभ्या आणि निम्मा आडव्या दिशेनं फेका, पान कोरडं असताना टाका आणि लगेच पाणी सोडा.

आता हुमणी. उसात हिनं जे केलंय ते सगळ्यांनी बघितलंय, लॉनमध्येही तीच अळी, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी, तपकिरी डोक्याची. वळवाच्या पावसानंतर मे-जूनमध्ये संध्याकाळी तिचे भुंगे जमिनीतनं बाहेर येतात, कडुलिंब-बाभळीवर बसतात, मादी मातीत अंडी घालते, आणि जुलै ते सप्टेंबर अळ्या मुळं खातात. ओळखायची कशी, तर भरपूर ओल असूनही गवत ठिगळाठिगळानं पिवळं पडतं आणि हातानं ओढलं तर सतरंजीसारखं उचलून येतं, खाली मुळंच नसतात. साळुंक्या आणि कावळे एकाच जागी उकरत बसले असतील तरी संशय घ्या. एक चौरस फूट उकरून बघा, पाचपेक्षा जास्त अळ्या असतील तर उपाय करावाच लागेल. मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत दिली तर अळ्यांना रोग होतो, ती हळू काम करते म्हणून लवकर द्यायची. पण खरा उपाय भुंग्यांच्या वेळी, संध्याकाळी फांद्या हलवून भुंगे खाली पाडायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. हे एकट्यानं करून भागत नाही, शेजाऱ्यांना, गल्लीतल्या पोरांना घेऊन करा.

पावसाळ्यात बाकी फार काही करू नका. ओल्या लॉनवर चालू नका, माती दाबली जाते. गोल तपकिरी डाग दिसले तर नत्र, म्हणजे युरिया, थांबवा, निचरा मोकळा करा. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत ज्यांच्या अंगणात पुराचं पाणी आलं त्यांना माहीत आहे की हरळी पाण्याखाली बरीच तग धरते, तिला मारतो तो वरचा गाळ. पाणी ओसरल्यावर गाळ वाळून घट्ट व्हायच्या आत खराट्यानं आणि पाण्याच्या फवाऱ्यानं काढून टाका. पावसाळा संपला की बागकामाच्या काट्यानं तीन-चार इंच खोल भोकं पाडा, वर कंपोस्ट आणि वाळूचा पातळ हात फिरवा, श्वास मोकळा होतो.

मुलांना पहिले सहा आठवडे तरी त्यावर खेळू देऊ नका. आमच्याकडं पोरं रोज दारात येऊन विचारायची, "काका, आज खेळू का?" आणि मी त्यांनाच कोपरा ओढून बघायला सांगायचो.

एक काम राहिलंच, कडेचं. हरळी जागेवर थांबत नाही, ती फुलझाडांच्या वाफ्यात जाते, फरशीच्या फटीत जाते, कुंपणाखालनं शेजाऱ्याकडं जाते. आण्णांनी निघताना तेवढंच बजावून सांगितलं, की शेजारच्या वहिनींच्या शेवंतीत ही जाऊ देऊ नकोस, बांधावरची हरळी एकदा रानात शिरली की माणसाचं वय जातं काढण्यात. म्हणून लॉनच्या भोवती सहा इंच खोल चर काढून त्यात विटा उभ्या लावल्या, आणि महिन्यातनं एकदा दोरी धरून बाहेर आलेल्या काड्या खुरप्यानं कापतो. कापलेल्या काड्या कंपोस्टात टाकत नाही, कडक उन्हात फरशीवर पसरून खडखडीत वाळवतो, कारण ओलं पेर जिथं पडेल तिथं ते मूळ धरतं.